एसजे-१०० गेममध्ये कधी येणार? नवं विमान मागण्याआधी हे समजून घ्या

हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे आपली एचएएल आणि रशियाची युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन, म्हणजे यूएसी, या दोन कंपन्यांनी २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मॉस्कोत एक सामंजस्य करार केला. एसजे-१०० हे दोन इंजिनांचं प्रवासी जेट भारतात बनवायचं, हा त्याचा विषय. टीव्हीवर चर्चा रंगली ती रशिया, अमेरिका आणि ‘मेक इन इंडिया’ची. पण मोबाईलवर फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांना वेगळाच प्रश्न पडला: हे विमान आपल्या गेममध्ये कधी येणार? आणि येत नसेल तर मागायचं कुणाकडे?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला गेलं की लायसन्स, आंतरराष्ट्रीय निर्बंध, मोबाईलची रॅम आणि कंपन्यांचा हिशोब एवढं सगळं मध्ये येतं. आज तेच नीट समजून घेऊ. कुठली मागणी पूर्ण होऊ शकते, कुठली नाही आणि आपली मागणी वजनदार कशी करायची, हेही बघू.

धाराशिवला याचं काय?

धाराशिव जिल्ह्यातून आज एकही नियमित प्रवासी विमान उडत नाही. शहराजवळ धावपट्टी आहे, पण ती छोट्या विमानांसाठीची. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचं उस्मानाबाद असे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले गेले होते. विमानसेवेच्या आशा तेव्हाही होत्या. धाराशिवला ती सेवा काही आली नाही.

गंमत म्हणजे विमानं आपल्या डोक्यावरूनच जातात. नकाशावर मुंबई ते हैदराबाद सरळ रेघ ओढून बघा, ती धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आतून जाते. म्हणजे कळंब, तुळजापूर किंवा उमरग्याच्या पोराला आकाशात विमानाची पांढरी रेघ दिसते, पण जवळून विमान बघायचं तर सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं.

त्यातही सोलापूरचं चित्र आत्ता आत्ता बदललंय. ९ जून २०२५ ला फ्लाय९१ ने सोलापूर–गोवा सेवा सुरू केली, पंख्याच्या एटीआर ७२ विमानाने. १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरची सोलापूर–मुंबई सेवा सुरू झाली. धाराशिवहून सोलापूर विमानतळ सुमारे ७० किलोमीटर. म्हणजे आपल्यासाठी ‘जवळचं विमान’ म्हणजे बोइंग ७७७ नाही आणि एअरबस ए३८० पण नाही. आपलं विमान म्हणजे ५० ते १०० सीटचं, छोट्या शहरांना जोडणारं विमान. आणि नेमकी हीच विमानं गेममध्ये सगळ्यात उशिरा येतात. का, ते पुढे बघू.

करार काय आहे आणि काय नाही

एसजे-१०० हे नाव नवीन असलं तरी विमान अगदी नवीन नाही. सुखोई सुपरजेट १०० या नावाने त्याने पहिलं उड्डाण केलं मे २००८ मध्ये. २०११ पासून ते प्रवासी सेवेत आहे. त्या जुन्या विमानात फ्रान्स आणि रशियाने मिळून बनवलेलं सॅम१४६ इंजिन होतं आणि इतरही बरेच पाश्चिमात्य भाग होते. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं, निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले. मग रशियाने हेच विमान स्वतःच्या भागांनी आणि स्वतःच्या पीडी-८ इंजिनाने बनवायला घेतलं. पीडी-८ लावलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण झालं मार्च २०२५ मध्ये. भारतात बनवण्याची चर्चा आहे ती याच नव्या विमानाची. त्यात साधारण १०० प्रवासी बसतात.

एचएएलचा अंदाज असा, की पुढच्या १० वर्षांत देशातल्या छोट्या मार्गांसाठी अशा २०० हून जास्त जेटची गरज लागेल, आणि हिंदी महासागराच्या परिसरातल्या देशांसाठी आणखी ३५०. भारतात पूर्ण प्रवासी विमान बनण्याचा याआधीचा प्रकल्प होता अ‍ॅव्हरो एचएस-७४८ चा. तो एचएएलमध्ये १९६१ ला सुरू झाला आणि १९८८ ला संपला. आज कॉलेजात असलेल्या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी.

पण सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नव्हे. सोयरीक जमवायची बोलणी सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. कारखाना, पैसे, भारताच्या डीजीसीएचं प्रमाणपत्र, विकत घेणारी एअरलाइन, हे सगळं त्यानंतर येतं. हे लक्षात ठेवा, कारण गेम बनवणाऱ्या कंपन्याही हाच हिशोब करतात. जे विमान कुठल्या मार्गावर उडणार हेच ठरलं नाही, त्याच्यासाठी त्या महिनोन् महिने खर्च करत नाहीत.

‘नवं विमान’ म्हणजे नेमकं काय मागताय?

बहुतेक मागण्या इथेच फसतात. ‘प्लीज इंडियन प्लेन अ‍ॅड करा’ असं लिहिलं, तर समोरच्याला काहीच कळत नाही. विमानाची मागणी तीन प्रकारची असते आणि तिन्हींची मेहनत वेगवेगळी आहे.

पहिला प्रकार लिव्हरीचा. विमान गेममध्ये आहे, फक्त त्यावर आपल्या एअरलाइनचा रंग आणि लोगो नाही. घर तेच, रंग दुसरा द्यायचा. काम सगळ्यात कमी.

दुसरा प्रकार व्हेरियंटचा, म्हणजे त्याच कुटुंबातला लांब किंवा आखूड भाऊ. उदाहरणार्थ एम्ब्रेअरचं ई१७० असेल आणि तुम्हाला ई१७५ हवं असेल. थोडं मॉडेल बदलायचं, वजन आणि इंजिनाचे आकडे बदलायचे. काम मध्यम.

तिसरा प्रकार पूर्ण नव्या विमानाचा. बाहेरचा सांगाडा, कॉकपिट, उड्डाणाचं गणित, आवाज, सगळं शून्यापासून. एसजे-१०० यात मोडतं.

‘ई१७५ वर एसजे-१०० चा रंग मारला तर चालेल की!’ असं वाटू शकतं. दोन्ही साधारण सारख्या लांबीची, दोन इंजिनं पंखाखाली, लांबून बघितलं तर भाऊ-भाऊ वाटतात. पण आत बघा. ई१७५ मध्ये एका ओळीत २ आणि २ अशा चार सीट, एसजे-१०० मध्ये २ आणि ३ अशा पाच. म्हणजे पोटाची रुंदीच वेगळी. ई१७५ चा पायलट समोरच्या दांड्याला धरून विमान वळवतो, ज्याला योक म्हणतात. सुपरजेटमध्ये एअरबससारखी बाजूला छोटी साइडस्टिक असते. कॉम्प्युटर पायलटचा हुकूम कसा ऐकतो, ती पद्धतही वेगळी. नुसता रंग बदलला तर ते एसजे-१०० होत नाही, एसजे-१०० चं सोंग घेतलेलं ई१७५ होतं. कॉकपिटमध्ये बसलं की दोन मिनिटांत कळतं.

एक जेट बनवायला काय काय लागतं

नवं विमान बनवण्याचे टप्पे ढोबळमानाने असे असतात.

सांगाडा: ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये विमानाचं थ्रीडी मॉडेल बनतं. कॉम्प्युटर गेममध्ये ते कितीही बारीक करता येतं, मोबाईलवर नाही. ४ जीबी रॅमच्या फोनला कॉकपिटची चित्रं, जमिनीचा नकाशा, ढग आणि आजूबाजूची विमानं एकाच वेळी सांभाळायची असतात. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि लँडिंगच्या ऐन वेळी स्क्रीन अडखळते. म्हणून एकाच विमानाची अनेक मॉडेल्स करतात: जवळून दिसणारं बारीक, लांबून दिसणारं ओबडधोबड.

उड्डाणाचं गणित: याला फ्लाइट मॉडेल म्हणतात आणि सिम्युलेटरचा जीव यातच असतो. पद्धती मुख्यतः दोन. एका पद्धतीत विमानाचे आकडे तक्त्यात भरतात. अमुक वेगाला, अमुक कोनात किती उचल मिळते, हवेचा विरोध किती होतो, गेम ते तक्ते वाचतो. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्ये वापरलं जाणारं जेएसबीसिम असं चालतं. दुसरी पद्धत एक्स-प्लेनची. पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर येतो ते सेकंदाला अनेकदा मोजायचं. आकार बरोबर दिला तर विमान बरंचसं आपोआप बरोबर उडतं.

कॉकपिट: सेस्नासारख्या छोट्या विमानात मोजकी घड्याळं असतात. प्रवासी जेटमध्ये ऑटोपायलट, मार्ग भरायचा कॉम्प्युटर, इंधन, हवेचा दाब, हायड्रॉलिक अशा कितीतरी यंत्रणा एकमेकींना बांधलेल्या असतात. एक बटण दाबलं की चार ठिकाणी परिणाम. जास्तीत जास्त वेळ इथेच जातो.

हे काम किती मोठं आहे, त्याचं एक उदाहरण. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आलं तेव्हा त्यात इंडिगो वापरते तसं ए३२० निओ होतं. पण कॉकपिटमधली बरीच बटणं नुसती शोभेची, दाबली तर काहीच व्हायचं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या गेममध्ये ही गत! मग फ्लायबायवायर नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने तेच विमान हातात घेतलं, वर्षानुवर्षं सुधारलं आणि मोफत वाटलं. आज ते विमान खऱ्याच्या इतकं जवळ गेलंय की लोक कंपनीचं सोडून तेच वापरतात.

एसजे-१०० कुठे अडतं

आता मूळ प्रश्नाकडे. हे विमान लगेच का येणार नाही, याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण परवाना. विमानाचं नाव, आकार आणि लोगो यांवर बनवणारी कंपनी हक्क सांगते. २०१२ मध्ये बॅटलफिल्ड ३ या गेममधल्या बेल हेलिकॉप्टरवरून गेम कंपनी ईए आणि बेलची मालक टेक्सट्रॉन यांच्यात वाद झाला आणि तो कोर्टात गेला. पुढे मिटला, पण गेम कंपन्या तेव्हापासून सावध झाल्या. एअरलाइनचा लोगो हाही ट्रेडमार्कच.

दुसरं कारण निर्बंध. अमेरिकेने २०२२ मध्ये यूएसीला निर्बंधांच्या यादीत टाकलं. मायक्रोसॉफ्ट आणि एक्स-प्लेन बनवणारी लॅमिनार रिसर्च या दोन्ही कंपन्या अमेरिकी. यादीतल्या कंपनीशी पैशाचा किंवा परवान्याचा व्यवहार करणं अमेरिकी कंपनीला कायद्याने जड जातं. गेममधलं विमान ही त्यांच्यासाठी कमाईची छोटीशी गोष्ट, त्यासाठी वकिलांची फौज कोण उभी करणार? भूम-परंड्यातल्या फोनवर एक विमान का दिसत नाही, याचं एक कारण असं थेट वॉशिंग्टनपर्यंत जातं.

तिसरं कारण माहिती. जुन्या सुपरजेटचे बरेच आकडे उघड आहेत. पण नव्या एसजे-१०० ची यंत्रणा बदललेली, इंजिन नवं. पीडी-८ किती इंधन पितं, चढताना किती जोर देतं, कॉकपिटमधल्या स्क्रीनवर नेमकं काय दिसतं, याचं तपशीलवार मॅन्युअल हातात असल्याशिवाय फ्लाइट मॉडेल बनवलं तर ते अंदाजपंचे होईल. विमान स्क्रीनवर दिसेल, पण त्यातून शिकायला काही मिळणार नाही.

म्हणजे कधीच येणार नाही का? तसं नाही. फ्लाइटगिअरसारख्या मुक्त सिम्युलेटरला कंपनीच्या होकाराची वाट बघत बसावं लागत नाही, तिथे विमानं स्वयंसेवकच बनवतात. पण ते कॉम्प्युटरवर चालतं. मोबाईलवरच्या मोठ्या गेममध्ये एसजे-१०० इतक्यात दिसण्याची शक्यता कमी आहे, असं आकडे आणि परिस्थिती बघून म्हणावं लागतं.

मागणी कुणाची मोजली जाते?

इथे खरी मेख आहे. इन्फिनिट फ्लाइटसारख्या गेममध्ये विमानांच्या मागणीवर खेळणारे मतं देतात. कंपनी ती मतं बघते, पण फक्त मतांवर निर्णय होत नाही. आणखी एक प्रश्न असतोच: हे विमान आलं तर किती लोक पैसे भरतील?

इन्फिनिट फ्लाइटमध्ये पूर्ण जग आणि सगळी विमानं उघडायला प्रो वर्गणी लागते. महिन्याला ठराविक पैसे. अमेरिका-युरोपातल्या खेळाडूला ती रक्कम पिझ्झाच्या बिलाएवढी वाटते. आपल्याकडच्या बारावीच्या पोराला मोबाईलचं रिचार्ज आणि वर्गणी यातून एकच निवडावं लागतं. मग पैसे भरणाऱ्यांच्या यादीत मराठवाडा दिसतच नाही. ज्यांचे पैसे येतात त्यांना न्यूयॉर्क–लंडन उडायचं असतं, म्हणून ए३५० आणि ७७७ यांचे लाड होतात, आणि छोट्या शहरांना जोडणारी विमानं रांगेत मागे राहतात.

यात कुणाचा कट नाही, हा धंद्याचा हिशोब आहे. पण त्याचा परिणाम खरा आहे. ज्या जिल्ह्यात विमानतळ चालू नाही, तिथल्या मुलांना विमान समजून घ्यायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे मोबाईलवरचा सिम्युलेटर. हवेचा वेग, उंची, वाऱ्याची दिशा, धावपट्टीचा नंबर म्हणजे काय, हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तिथे पटकन डोक्यात शिरतं. गेममधले तास डीजीसीएच्या लॉगबुकात धरत नाहीत हे खरं. पण पायलट, विमान मेकॅनिक, एअर ट्रॅफिक कंट्रोलर किंवा थ्रीडी डिझायनर होता येतं, ही कल्पना अनेकांना पहिल्यांदा तिथेच सुचते. त्या जगात आपलं विमान, आपला विमानतळ असणं म्हणूनच महत्त्वाचं.

मग आपण काय मागायचं?

मतं कमी असतील तर मागणी नेमकी हवी. धाराशिवच्या खेळाडूने आज मागण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

एक, स्टार एअरची लिव्हरी. स्टार एअर ही कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची कंपनी. तिच्या ताफ्यात ७६ सीटचं एम्ब्रेअर ई१७५ आहे, १२ सीट बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी. आणि ई१७५ हे विमान इन्फिनिट फ्लाइटमध्ये आधीपासून आहे! म्हणजे शून्यापासून काही बनवायचं नाही, फक्त रंगाचं काम. तुम्ही खेळता त्या गेममध्ये ई१७५ उघडा, लिव्हरीची यादी बघा. स्टार एअर नसेल तर तीच मागा. काही सिम्युलेटरमध्ये लिव्हरी खेळणाऱ्याला स्वतःच बनवता येते, तशी सोय असेल तर मागायचीही गरज नाही.

दोन, विमानतळ. विमान असून उपयोग काय, जर सोलापूरला नुसती डांबरी पट्टी आणि मोकळं रान दिसत असेल? इथे तर थेट काम करता येतं. एक्स-प्लेनने विमानतळ बनवण्यासाठी वर्ल्डएडिटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर दिलंय. त्यात धावपट्टी, टॅक्सीवे, टर्मिनल, पार्किंगच्या जागा उपग्रहाच्या चित्रावरून मांडता येतात. बनवलेला विमानतळ सीनरी गेटवेवर पाठवला आणि तो तपासणीत पास झाला, की पुढच्या अपडेटमध्ये जगभरातल्या एक्स-प्लेन खेळणाऱ्यांना दिसतो. यासाठी मोबाईल पुरणार नाही, कॉम्प्युटर लागेल. पण कॉलेजच्या लॅबमधला एक पीसी आणि तीन-चार मित्र एवढ्यावर सोलापूर, लातूर आणि धाराशिवची धावपट्टी नीट उभी करता येईल. शोधताना जुनं नावही टाकून बघा, कारण बऱ्याच डेटाबेसमध्ये अजून ‘उस्मानाबाद’च लिहिलेलं असतं. नाव बदलायची विनंतीही मागणीच आहे, आणि ती सगळ्यात सोपी.

मागणी लिहायची कशी

आधी शोधा. तीच मागणी कुणी केली असेल तर नवीन करू नका, जुन्या मागणीला मत द्या. एका मागणीची ५०० मतं पाच ठिकाणी विखुरली, तर ती १०० चीच दिसतात.

एका वेळी एकच गोष्ट मागा. ‘स्टार एअर, फ्लाय९१, आकासा सगळं द्या’ असं लिहिलं की मागणी बाद.

इंग्रजी साधी असली तरी चालते. लहान वाक्यं लिहा, भाषांतराचं अ‍ॅप वापरा, पण माहिती पक्की द्या. आत काय असावं, याचा नमुना असा:

‘विमान: एम्ब्रेअर ई१७५, गेममध्ये आधीपासून उपलब्ध. मागणी: स्टार एअर, भारत यांची लिव्हरी. उपयोग: सोलापूर–मुंबईसारखे छोटे मार्ग. सोलापूरचा कोड व्हीएएसएल, मुंबईचा व्हीएबीबी, हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर, म्हणजे मोबाईलवर एका बैठकीत पूर्ण होणारं उड्डाण. सोबत: डावी बाजू, उजवी बाजू आणि शेपूट यांचे मी काढलेले फोटो, वापरायला माझी परवानगी आहे.’

शेवटची ओळ फार महत्त्वाची. इंटरनेटवरून उचललेला फोटो कंपनी वापरू शकत नाही. स्वतः काढलेला फोटो दिला की त्यांचं काम हलकं होतं. मात्र फोटो काढताना भान ठेवा. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटो काढायला बंदी आहे. इतर विमानतळांवरही सुरक्षा तपासणीच्या जागी मोबाईल बाहेर काढू नका.

आणि ‘अजून का नाही आलं?’ असं दर आठवड्याला विचारत बसू नका. त्याने विमान लवकर येत नाही, उलट मागणी दुर्लक्षित होते.

‘सगळी विमानं अनलॉक’ एपीके: हात लावू नका

मागणी करून विमान येत नाही, वर्गणी परवडत नाही, मग टेलिग्रामवर एखादी एपीके फाईल मिळते: ‘प्रो अनलॉक, ऑल प्लेन्स फ्री’. हा रस्ता महागात पडतो.

प्ले स्टोअरच्या बाहेरची अशी फाईल टाकताना तुम्ही फोनला सांगता की अनोळखी जागेहून आलेलं अ‍ॅप चालेल. त्या अ‍ॅपने एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली आणि तुम्ही ‘अलाऊ’ दाबलं, तर बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. आपल्याकडे अनेक घरांत एकाच फोनवर वडिलांचं यूपीआय, शेतीच्या अनुदानाचे मेसेज आणि पोराचा गेम असतो. विमान उडवणाऱ्या गेमला एसएमएस कशाला वाचायचे असतील, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा. ‘तुमचा गुगल आयडी द्या, प्रो करून देतो’ म्हणणाऱ्यांनाही तोच नियम.

शिवाय अशा फाईलमध्ये ऑनलाइन उड्डाण बहुतेक वेळा चालत नाही आणि पकडलं गेलं तर खातं बंद होतं. वर्गणी खरंच हवी असेल तर सुट्टीच्या एका महिन्यापुरती घ्या, मनसोक्त उडवा आणि वेळेत बंद करा. ऑटो-रिन्यू बंद केलं का, ते प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन तपासा.

पुढे काय बघायचं

एसजे-१०० ची आशा सोडू नका, पण तीन बातम्यांकडे लक्ष ठेवा. भारतातल्या एखाद्या एअरलाइनने पक्की ऑर्डर दिली का? डीजीसीएचं प्रमाणपत्र मिळालं का? आणि एचएएलने कुठल्या कारखान्यात जुळणी सुरू केली? नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने रशियन रचनेची सुखोई-३० विमानं वर्षानुवर्षं बनवली आहेत, त्यामुळे महाराष्ट्राचं लक्ष या प्रकल्पाकडे असणारच. या तीनपैकी दोन गोष्टी घडल्या की गेममधल्या मागणीलाही वजन येईल. तेव्हा ‘भारतात बनणारं, भारतात उडणारं विमान’ असं सांगून ती करता येईल.

तोवर स्टार एअरच्या ई१७५ ची आणि सोलापूर, लातूर, धाराशिवच्या धावपट्ट्यांची मागणी आपल्या हातात आहे. आज रात्री गेम उघडाल तेव्हा आधी लिव्हरीची यादी बघा, मग सोलापूर शोधा. तिथे काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते लिहून काढा. मागणीचा पहिला कच्चा खर्डा तिथेच तयार होईल.